डाव्या पोटरीचं माप

चेन्नईच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "शैलाताई, तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलीत, एखादा अनुभव लिहा. हलकाफुलका. फक्त ते... त्या गोळ्यांचं वगैरे नको. घरगुती अंक आहे."

मुलं घरातच होतात, नको असताना होतात तीही घरातच. ती न होण्याची व्यवस्था तेवढी घराबाहेर ठेवायची, हा नियम कुणी केला मला ठाऊक नाही. मी त्यांना आणखी एक चकली दिली आणि त्याच गोळ्यांवर लिहायचं ठरवलं. छापायचं धाडस झालं नाही, तर मी हे मंडळाच्या फराळाच्या दिवशी माइकवर वाचून दाखवीन.

मी मूळची मिरजेची. फार्मसीचा डिप्लोमा करून, लग्न होऊन चेन्नईला आले. नवरा तिथल्या आवडी नावाच्या उपनगरात कारखान्यात होता. मला मैलापूरला एका औषधाच्या दुकानात नोकरी लागली. तमिळ येत नव्हतं, पण औषधांची नावं सगळीकडे सारखीच. दोन वर्षांत तमिळही आलं आणि मी शैलाअक्का झाले. दुकानाच्या मालकांना सगळे नुसते 'सार', म्हणजे सर, म्हणत. सारांचा एकच नियम होता. औषध द्या, उपदेश देऊ नका. गर्भनिरोधक गोळ्यांची स्ट्रिप वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून द्यायची, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला लांबूनच कळावं की या बाईनं काय घेतलंय. बाकी कुठलंच औषध आम्ही इतकं बांधून देत नव्हतो.

पहिल्या काही वर्षांतल्या एका माणसाचं सांगते. आपल्याच मंडळातला, बँकेतला. आज निवृत्त आहे, गणपतीत आरतीचं तबक त्याच्याच हातात असतं, आणि तो हे वाचणार आहे. वाचू दे. दर महिन्याला हा स्वतः येऊन बायकोच्या गोळ्या घेऊन जायचा. मला वाटायचं, किती काळजी करणारा नवरा. एक दिवस तो लालबुंद होऊन दुकानात शिरला.

"बनावट माल विकता तुम्ही! बायकोला दिवस गेलेत!"

मी म्हटलं, "स्ट्रिप आणलीत? दाखवा."

त्यानं खिशातून काढली. पहिल्या चार गोळ्या संपलेल्या, मग पाच शिल्लक, मग दोन संपलेल्या, मग पुन्हा चार शिल्लक. उंदरानं कुरतडल्यासारखी.

"या मधल्या का राहिल्या?"

"तेव्हा मी सेलमला टूरवर होतो."

"तुम्ही सेलमला होतात. त्या कुठे होत्या?"

"ती घरीच होती हो. पण मी नसताना तिला कशाला हव्यात? स्ट्रिप माझ्याच बॅगेत असते."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. सारांचा नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. मी त्याला मराठीत, मोठ्यानं सांगितलं की ही डोकेदुखीची गोळी नाही, लागली तेव्हा घ्यायला. यात दोन संप्रेरकं असतात. ती रोज मिळत राहिली तर बीजकोष झोपून राहतो, बीज बाहेर येत नाही. तुम्ही सेलमला गेलात हे बीजकोषाला कळत नाही. एकवीस गोळ्यांची स्ट्रिप असेल तर एकवीस दिवस रोज एक, मग सात दिवस सुट्टी, आठव्या दिवशी पाळी असो वा नसो नवी स्ट्रिप. अठ्ठावीसची असेल तर सुट्टीच नाही, शेवटच्या सात नुसत्या सवय मोडू नये म्हणून असतात. वेळ एकच धरावी. एक विसरली तर आठवताक्षणी घ्यावी, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त विसरल्या तर शेवटची विसरलेली तेवढी घ्यावी, पुढच्या रोज चालू ठेवाव्यात, आणि पुढचे सात दिवस नवऱ्यानंही आपल्या परीनं काळजी घ्यावी. गोळी घेतल्यावर दोनेक तासांत उलटी झाली तर ती पोहोचलीच नाही असं समजावं.

एवढं ऐकून तो म्हणाला, "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

हे मात्र खरं होतं, आणि मला ते फार झोंबलं. तेव्हापासून मी सांगू लागले. वर्तमानपत्र आणि काळी पिशवी बंद केली. सार कुरकुरले, पण बायका माझ्याकडे येऊ लागल्या तसे गप्प बसले.

सांगण्याइतकंच विचारणं महत्त्वाचं, हे मी नंतर शिकले. ही गोळी बहुतेक बायकांना सोसते आणि छान सोसते. तिनं वांझपण येतं, ती पोटात साठते, हे सगळं ज्यांना दुसरा उद्योग नाही त्यांनी पसरवलेलं. पण काही जणींना ती चालत नाही, आणि ते तोंडावर लिहिलेलं नसतं. म्हणून आधी रक्तदाब बघायचा. वय पस्तिशीपुढे आणि सिगरेट ओढते का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते का? टीबीची किंवा फिटची औषधं चालू आहेत का? नुकतीच बाळंत झालीय, अंगावर पाजतेय का? आणि तिला स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला पायात, फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? पाच मिनिटांचं काम. हे काम खरं डॉक्टरांचं. पण डॉक्टरांना पाच मिनिटं कुठली?

पुढे सारांनी पेरुंगुडीला शाखा काढली आणि मला तिकडे पाठवलं. मैलापूरच्या तिरुमयिलै स्टेशनवरून गाडी, मग शेअर ऑटो. दुकानासमोर काचेच्या इमारती, मागे फ्लॅट, फ्लॅटांत पोरी. कोल्हापूरच्या, नागपूरच्या, सोलापूरच्या. कॉम्प्युटरवर जगभराची माहिती, आणि चौघी मैत्रिणींनी तिरुपतीला जायच्या आधी पाळी पुढे ढकलायला एकीची स्ट्रिप वाटून खाल्ली, पेढ्यासारखी. मी विचारलं तर म्हणाल्या, "काकू, नेटवर बघितलं ना आम्ही."

केतकी त्यांच्यासारखी उथळ नव्हती. सोलापूरची, सत्तावीस वर्षांची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. मराठी बोलायला मिळतं म्हणून दुकानात रेंगाळायची. तिच्या हनुवटीवर मुरमं यायची आणि पाळीचं वेळापत्रक बिघडलेलं. तिला या गोळ्या एका त्वचेच्या डॉक्टरनं मोबाइलवर लिहून दिल्या होत्या. डॉक्टरनं तिचा चेहरा पाहिला, तोही फोनच्या कॅमेऱ्यातून. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघणं फोनला अजून जमत नाही, म्हणून ते राहिलंच.

ती चिठ्ठी घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यामागे दोन पुरुष उभे होते. एक जण "सीक्रम, अम्मा, सीक्रम", म्हणजे लवकर, लवकर, करत होता. तिनं स्ट्रिप पटकन पर्समध्ये टाकली. मी कशा घ्यायच्या ते सांगितलं. रक्तदाब बघायला मशीन काढणार, एवढ्यात सारांचा फोन आला आणि त्यांचं ऐकता ऐकता ती गेली. पुढच्या महिन्यात विचारू, असं मनाशी म्हटलं. पुढच्या महिन्यात तिनं ऑनलाइन मागवल्या. फोनवरच्या डॉक्टरला मी नावं ठेवते, पण त्यानं जे विचारलं नाही ते मीही विचारलं नाही. तो निदान तिला ओळखत नव्हता. मी केतकीला ओळखत होते.

तीन महिने झाले असतील. एका सोमवारी सकाळी ती दुकानात आली.

"काकू, दुखण्यावरचा स्प्रे द्या ना. पाय लचकलाय."

"कुठे लचकला?"

"सोलापूरहून येताना. तिकीट आरएसी होतं, पंधरा तास एका सीटवर दोघी. पाय आखडला असेल."

"दोन्ही पाय आखडले?"

"नाही, डावाच."

तिच्या डाव्या चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात होता आणि उजवीचा मधल्या. मी काउंटरच्या बाहेर आले, तिला स्टुलावर बसवलं, सलवार वर करायला लावली. गुडघ्याचे पट्टे विकताना माप घ्यायला टेप ठेवतो आम्ही, ती काढली. डावी पोटरी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जाड होती. हात लावला तर गरम.

"धाप लागते?"

"जिना चढताना जरा लागली आज. काकू, स्प्रे द्या ना, माझी अकराला मीटिंग आहे."

"स्प्रे मिळणार नाही. चोळायचा नाही पाय, हातसुद्धा लावायचा नाही. चल हॉस्पिटलात."

"काहीतरीच काय! मॅनेजर मारेल मला."

"तो मारेल की नाही माहीत नाही. हा पाय मारू शकतो."

रांगेतला एक गृहस्थ तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, मुलगी स्प्रे मागतेय तर द्या की स्प्रे. मी गॅसच्या गोळीसाठी केव्हाचा उभा आहे." मी त्याला त्याची गोळी दिली, म्हटलं जा, तुझा गॅस महत्त्वाचा आहे. दुकानाचं शटर ओढलं आणि केतकीला ऑटोत घातलं. वाटेत सारांचा फोन आला, "दुकान कुणाला विचारून बंद केलं?" मी फोन बंद केला.

हॉस्पिटलात मी सांगितलं, एका पायाला सूज, धाप, तीन महिने गर्भनिरोधक गोळ्या चालू. नोंद करणाऱ्या बाईनं लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि विचारलं, "कल्याणम आयिडुच्चा?" म्हणजे, लग्न झालंय का. केतकी मान खाली घालून बसली. मी म्हटलं, "लग्नाची मुलगी नाही आणली, पेशंट आणलाय. पुढचं लिहा." डॉक्टर मात्र चांगली निघाली. पंचविशी-तिशीची तमिळ मुलगी, भराभर तपासण्या लावल्या. मांडीपर्यंत गुठळी होती. तिचा एक तुकडा फुप्फुसात जाऊन बसला होता. "आणखी एक मोठा सुटला असता तर," एवढंच बोलून डॉक्टर थांबली. गोळ्या त्याच क्षणी बंद झाल्या, रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकीची आई आली. मंगलताई. पन्नाशीच्या, रडून डोळे सुजलेले. मला वाटलं, आधी मुलीची चौकशी करतील. त्यांनी मला वॉर्डाबाहेर गाठलं.

"शेजारी टायफॉइड सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा. पुण्याचं स्थळ आलंय, अठ्ठावीस गुण जुळतायत. गोळ्यांचं कुणाला कळलं तर संपलंच सगळं."

"मुरमांसाठी घेत होती ती."

"लोक काय मुरमं म्हणणार आहेत?" आणि मग एकदम, "तुम्हीच विकल्यात ना तिला?"

"हो," मी म्हटलं. "मीच विकल्या. काही न विचारता."

त्या वळून वॉर्डात गेल्या.

संध्याकाळी डॉक्टर आली. तिला घराण्याचा इतिहास हवा होता. इतक्या लहान वयात इतकी मोठी गुठळी, तिला निव्वळ गोळी आणि प्रवास पुरेसा वाटत नव्हता. केतकीनं नाही म्हणून सांगितलं होतं, आता आईला विचारायचं होतं. डॉक्टरला मराठी-हिंदी येत नव्हतं, मंगलताईंना इंग्रजी-तमिळ. केतकी ऑक्सिजन लावून डोळे मिटून पडली होती. दुभाषी मी.

"घरात कुणाला गुठळी झाली होती का? कुणी तरुणपणी अचानक गेलं?"

"नाही," मंगलताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझी बहीण गेली लवकर. पण ती काविळीनं. तेवढंच सांगा."

डॉक्टरनं मला विचारलं, काय म्हणाल्या? मी मंगलताईंकडे बघितलं. त्या पदर बोटाला गुंडाळत होत्या. काविळीच्या नुसत्या आठवणीनं कुणी असं करत नाही.

"मंगलताई, मी औषधवाली आहे. तुम्ही जे सांगाल ते मी सांगीन, पण हे नाही सांगणार. हे खोटं मी इंग्रजीत केलं, तर ते माझं खोटं होईल. तीन महिन्यांपूर्वी मी एकदा गप्प बसल्याचं फळ इथं खाटेवर झोपलंय. खरं सांगणार असाल तर बोला, नाहीतर डॉक्टरना सांगते की आई सांगायला तयार नाही."

त्या आधी चिडल्या. मग खुर्चीत बसल्या आणि मराठीत, जमिनीकडे बघत बोलू लागल्या. मी वाक्यामागून वाक्य डॉक्टरला सांगत गेले. नंदा, त्यांची पाठची बहीण, चोवीस वर्षांची. बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. नवव्या दिवशी डावा पाय सुजला. थंडी भरली असेल म्हणून शेक दिला, तेल लावून चोळला. अकराव्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर आली आणि दारातच पडली. डॉक्टरांनी सांगितलं, पायातली गुठळी छातीत गेली. वडिलांनी सगळ्यांना बसवून बजावलं, आजपासून कावीळ म्हणायचं, धाकट्या दोघी उजवायच्यात, रक्तात दोष आहे असं कळलं तर कोण करील? पंचवीस वर्षं सगळ्यांनी कावीळ म्हटलं. दोन वर्षांपूर्वी भावाच्याही पायात गुठळी निघाली. "त्याला आम्ही व्हेरिकोज म्हणतो," मंगलताई म्हणाल्या.

मराठी मला येत होतं तसं खाटेवरच्या मुलीलाही येत होतं, हे आम्ही दोघी विसरलो होतो.

"आई," केतकी मास्क बाजूला करून म्हणाली, "मला हे माहीत असतं तर मी घेतल्या असत्या का गं गोळ्या?"

डॉक्टरनं मला विचारलं, ती काय म्हणाली? हे एक वाक्य मी तिला सांगितलं नाही.

केतकी वाचली. सहा-सात दिवसांनी घरी आली. रक्त पातळ करायच्या गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या होत्या, आणि ज्यात इस्ट्रोजेन आहे ती गोळी आता जन्मात नाही. मुरमं आणि पाळीसाठी दुसरे उपाय निघाले. आहेतच ते, पण विचारणाऱ्यालाच सापडतात. मंगलताई महिनाभर तिच्या फ्लॅटवर राहिल्या. दर आठवड्याला औषध न्यायला दुकानात यायच्या आणि मी दर आठवड्याला एकच विचारायची, "नंदाच्या मुलीला सांगितलंत?"

नंदाच्या मागे राहिलेली मुलगी, मृण्मयी. मनू. वडिलांनी दुसरं लग्न केलं, दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. नंबर फक्त मंगलताईंकडे होता. मनू पंचवीस वर्षांची, मागल्याच वर्षी लग्न झालेली. आईच्या रक्तातला दोष तिच्यातही आलेला असू शकतो, आणि ती याच गोळ्या घेत असली तर? केतकी आईच्या मागे लागली होती, मीही. त्यांचं उत्तर ठरलेलं. "सांगते हो. स्थळाचं एकदा नक्की होऊ दे."

मग केतकीनंच पुण्याच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. गोळ्या, गुठळी, मावशी, मामा. आठ दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. गुरुजींनी पत्रिका पुन्हा बघितली म्हणे, नाडीत दोष निघाला. अठ्ठावीस गुण आठ दिवसांत कुठे गेले, ते त्या गुरुजींनाच ठाऊक. असल्या घरात पोरगी पडली नाही, याबद्दल मी मैलापूरच्या देवळात नारळ फोडला.

मंगलताईंना मात्र ते लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या. गिऱ्हाईक नव्हतं. फोन काढून त्यांनी तो काउंटरवर माझ्यासमोर ठेवला.

"आता राखायला काय राहिलंय? लावते तिला फोन. पण सांगायचं कसं?"

"मला विचारता येतं, ताई. सांगायचं कसं ते मलाही येत नाही. तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत तसंच सांगा."

त्यांनी फोन लावला, आवाज मोठा ठेवला. मनूनं उचलला. "मावशी? तू?" बऱ्याच वर्षांनी फोन आला असावा, असा आवाज. मंगलताईंनी सगळं सांगितलं, नवव्या दिवसापासून अकराव्या दिवसापर्यंत. केतकीचं सांगितलं.

मग मनू म्हणाली, "मावशी, म्हणजे ते माझ्या पायगुणानं नव्हतं?"

मंगलताईंनी माझ्याकडे बघितलं.

"आजी म्हणायची," मनू म्हणाली. "बाबांची आई. धडधाकट पोरगी, काविळीनं अशी अकरा दिवसांत जाते होय? हिच्याच पायगुणानं गेली म्हणायची. लग्नातसुद्धा म्हणाली."

मंगलताई काउंटरला दोन्ही हातांनी धरून होत्या. "नाही गं मने," त्या म्हणाल्या. "तुझं काही नव्हतं. तिचा पाय सुजला होता आणि आम्ही सगळ्याजणी तेल लावून तो चोळत बसलो होतो. मीच चोळला."

मी फोन माझ्याकडे ओढला. सांगितलं, मी चेन्नईची औषधवाली, केतकीच्या ओळखीची. आणि केतकीच्या वेळी राहिलेलं विचारणं या वेळी राहू दिलं नाही.

"तू गोळ्या घेतेस का गं? मूल नको म्हणून?"

"हो. लग्न झाल्यापासून."

"पाय सुजलाय? छातीत दुखतं? धाप?"

"नाही. काही नाही."

"आजची घेतलीस?"

"रात्री घेते."

"मग आज घेऊ नकोस. संध्याकाळीच डॉक्टरीणबाईंना गाठ, तोवर दुसरं साधन वापरा. घाबरू नकोस, तुला चालेल असं पुष्कळ काही आहे, त्या देतील. फक्त त्यांना आईचं सांग. कावीळ नाही, जे झालं ते सांग. कोण, किती वर्षांची, कितव्या दिवशी, कुठला पाय. मामाचं आणि केतकीचंही."

"थांबा," ती म्हणाली. पाठीमागे ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. "वही घेते. हं, सांगा. आईचं पहिल्यापासून सांगा."